पाहणी फोनवरची बरी की ऑनलाइनची?



गावात पाहणी म्हटली की पूर्वी एकच चित्र डोळ्यांपुढे येई. तलाठी दप्तर घेऊन चावडीवर बसलेले, भोवती चार कारभारी माणसे, आणि 'अमक्याच्या गटात काय पेरलंय' याची उत्तरे सारे मिळून देत असलेले. त्यावरून बारा नंबरचा पीकपेरा भरला जाई. आता तलाठ्यांचे पद 'ग्राम महसूल अधिकारी' झाले आहे आणि पाहणीच्या तऱ्हाही बदलल्या आहेत. कधी फोन वाजतो आणि पलीकडची मुलगी विचारते, 'काका, यंदा सोयाबीनला उतारा किती आला?' कधी मोबाईलवर एक दुवा येतो आणि 'खालील माहिती भरा' असे सांगतो. पहिली ती टेलिफोनची पाहणी, दुसरी ऑनलाइन.

आमच्या देगलूर भागात बाजाराच्या दिवशी शेतकरी भेटले की हमखास दोन प्रश्न विचारतात. 'साहेब, ही माहिती दिली काय आणि नाही दिली काय, फरक काय पडतो?' आणि 'द्यायचीच तर फोनवर द्यावी की मोबाईलवर भरावी?' पहिल्याचे उत्तर सोपे आहे. मदत, विमा, खताचा पुरवठा, खरेदी केंद्रे यांचा हिशोब अशाच आकड्यांवर मांडला जातो. ज्याचे शेत आकड्यात नाही, त्याचे नुकसानही आकड्यात येत नाही. दुसऱ्या प्रश्नाला मात्र थोडे सविस्तर उत्तर द्यावे लागेल.

आधी मातीच्या नमुन्याकडे पाहू

माती परीक्षणासाठी नमुना कसा घ्यावा हे आपण अनेकदा वाचले असेल. बांधाजवळची माती घेऊ नये. उकिरड्याजवळची, झाडाखालची, जनावरे बसतात तिथली घेऊ नये. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी खड्डे घ्यावेत, ती माती एकत्र मिसळावी, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत, आणि असे करत शेवटी अर्धा किलो माती पिशवीत भरावी. त्या अर्ध्या किलोवरून साऱ्या शेताचा अंदाज येतो.

आता एखाद्याने कष्ट वाचवावेत म्हणून उकिरड्याजवळूनच चांगली पोतेभर माती भरून पाठवली तर? अर्धा किलोऐवजी पन्नास किलो पाठवली म्हणून अहवाल खरा येईल काय? मुळीच नाही. उलट जमीन फार सकस आहे असा भ्रम होईल आणि तो शेतकरी खताचा डोस चुकेल.

माणसांच्या पाहणीचाही नियम हाच. किती जणांना विचारले यापेक्षा कोणाकोणाला विचारले, आणि कोण विचारायचे राहून गेले, हे आधी पाहावे. फोनची पाहणी असो की ऑनलाइन, तिची परीक्षा याच कसोटीवर करायची.

एक कोटी पत्रांची फजिती

या चुकीचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. १९३६ साली तिथे राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती. 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या मोठ्या खपाच्या साप्ताहिकाने लोकांचा कौल घ्यायचे ठरवले आणि सुमारे एक कोटी लोकांना टपालाने मतपत्रिका पाठवल्या. त्यांतील २३ लाखांहून अधिक भरून परत आल्या. एवढ्या मोठ्या आकड्यावरून साप्ताहिकाने सांगितले की, लँडन हे उमेदवार निवडून येणार. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली!

असे का झाले? पत्ते घेतले होते ते मुख्यतः टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारगाड्यांच्या नोंदणीतून. तो काळ मंदीचा होता. टेलिफोन आणि मोटार असलेली माणसे म्हणजे बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी माणसे. गरीब माणूस, ज्याला रूझवेल्ट यांच्या योजनांचा आधार वाटत होता, त्याला पुरेसे विचारलेच गेले नाही. शिवाय ज्यांना पत्र मिळाले त्यांतल्या चारांपैकी तिघांनी उत्तरच पाठवले नाही. त्याच वेळी जॉर्ज गॅलप यांनी सुमारे पन्नास हजार लोकांना, पण निरनिराळ्या थरांतल्या लोकांना विचारून विजयी उमेदवार बरोबर सांगितला.

तेव्हा टेलिफोन हा श्रीमंतीचा दागिना होता. आज साधा फोन झोपडीतही आहे, पण इंटरनेटचा मोबाईल आणि तो चालवण्याची सवय अजून साऱ्या घरांत सारखी नाही. म्हणजे १९३६ साली जी खोट टेलिफोनच्या यादीत होती, ती आज ऑनलाइन पाहणीत शिरण्याचा संभव आहे.

ऑनलाइन पाहणीचे गुण

प्रथम तिचे गुण सांगितले पाहिजेत, कारण ते मोठे आहेत. ऑनलाइन पाहणीला शंभर माणसांनी उत्तरे दिली काय आणि लाखांनी दिली काय, खर्चात फारसा फरक पडत नाही. माहिती लिहिताना मधल्या माणसाच्या हातून होणाऱ्या चुका टळतात. सवडीने, रात्री जेवण झाल्यावरही फॉर्म भरता येतो. फोटो जोडता येतो, शेताचे ठिकाण नोंदवता येते.

आपल्या ओळखीचे उदाहरण म्हणजे ई-पीक पाहणी. १५ ऑगस्ट २०२१ पासून ही पद्धत सबंध महाराष्ट्रात सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः आपल्या शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद करायची, ही त्यातली मुख्य कल्पना. पूर्वी चावडीवर बसून केलेल्या पीकपेऱ्यात मागच्या वर्षीचेच पीक पुन्हा उतरल्याच्या तक्रारी असत. तूर पेरली तरी सातबाऱ्यावर ज्वारीच! फोटोची अट आल्यावर त्याला आळा बसला. ज्याचे शेत, त्याच्या हाती नोंद, हा अधिकार लहान नाही.

आणि तिच्यातून कोण निसटते?

आता दुसरी बाजू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत एक प्रश्न होता : 'तुम्ही कधी इंटरनेट वापरले आहे का?' भारताच्या ग्रामीण भागात दर शंभर पुरुषांमध्ये सुमारे ४९ जणांनी 'होय' म्हटले. स्त्रियांमध्ये हे प्रमाण शंभरात २५ च्याही आत होते. त्यानंतर मोबाईल वाढले आहेत हे खरे. परंतु आपल्या घरात पाहा : इंटरनेटचा मोबाईल कोणाच्या खिशात असतो? बहुधा पोराच्या. म्हणजे शेळ्या किती, दूध किती, परसातल्या कोंबड्या किती, हे ज्या माउलीला ठाऊक, तिच्याऐवजी उत्तर भरतो तो मुलगा, आणि तोही अंदाजाने.

दुसरी अडचण बटईची. आपल्याकडे पुष्कळ जमीन बटईने किंवा ठोक्याने कसली जाते. सातबारा मालकाच्या नावावर, मालक नांदेडला किंवा हैदराबादला, आणि घाम गाळणारा तिसराच. ऑनलाइन नोंद खातेदाराच्या नावाने होते. बटईदार कागदावर कुठेच दिसत नाही. फॉर्ममध्ये जो प्रश्नच नाही, त्याचे उत्तर कोण देणार?

तिसरी अडचण नेटवर्कची. देगलूर हा तेलंगण आणि कर्नाटकाला खेटलेला तालुका. शिवारात एखाद्या टेकाडावर रेंज मिळते तर ओढ्याकाठी मिळत नाही. चौथी अडचण स्थलांतराची. मुखेड, कंधारकडची कितीतरी माणसे दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा हैदराबादकडे कामाला जातात. पाहणीची मुदत आणि त्यांचा गावातला मुक्काम यांचा मेळ बसेलच असे नाही.

आणखी एक गोष्ट. २०२५ च्या जून-जुलैत राज्य शासनाने 'विकसित महाराष्ट्र २०४७' साठी नागरिकांची मते ऑनलाइन मागवली होती. क्यूआर कोड मोबाईलने टिपायचा आणि प्रश्नांची उत्तरे द्यायची. उपक्रम चांगला. पण अशा खुल्या पाहणीत उत्तर देतो तो आपल्या मर्जीने पुढे आलेला माणूस. तो नमुना निवडून घेतलेला नसतो. अशा पाहणीतून सूचना भरपूर मिळतात, पण 'गावातल्या शंभर माणसांपैकी किती जणांना असे वाटते' हे त्यावरून ठामपणे सांगता येत नाही. दोन्ही गोष्टींचा उपयोग आहे. मात्र दोन्ही एक समजू नयेत.

फोनची पाहणी : आवाजाचा आधार

फोनच्या पाहणीला इंटरनेट लागत नाही, लिहिता-वाचता यावे लागत नाही. साधा बटणांचा फोन पुरतो. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारता येतो. 'एकरी की हेक्टरी?' अशी शंका तिथल्या तिथे फिटते. आमच्या भागात कोणी मराठी बोलते, कोणी तेलुगू, कोणी कन्नड, कोणी उर्दू, तांड्यावर बंजारा बोली. विचारणारा ती भाषा जाणणारा असेल तर फॉर्मपेक्षा कितीतरी अचूक माहिती मिळते.

२०२० साली कोविडमुळे टाळेबंदी लागली, तेव्हा दारोदार जाणे बंद झाले आणि देशातल्या अनेक पाहण्या फोनवरून कराव्या लागल्या. केंद्र शासनाच्या श्रमशक्तीच्या पाहणीतही, एकदा घरी जाऊन ओळख झालेल्या कुटुंबाकडून पुढच्या फेरीची माहिती बहुतांशी फोनवरून घेण्याची रीत त्याच काळात रूढ झाली. यातली युक्ती ध्यानात घ्या : पहिली भेट प्रत्यक्ष, नंतरची विचारपूस फोनवर. ओळख असली की माणूस फोनवर मोकळेपणाने बोलतो.

कारण फोनचा मोठा दोष म्हणजे अविश्वास. अनोळखी नंबर दिसला की आपण उचलत नाही, आणि त्यात आपली चूकही नाही. ओटीपी विचारून खाते रिकामे करणारे भामटे आहेतच. हे केवळ आपल्याकडेच नाही. अमेरिकेतील प्यू या संशोधन संस्थेच्या फोन पाहण्यांमध्ये १९९७ साली दर शंभर माणसांमागे ३६ जण उत्तर देत. २०१८ साली हे प्रमाण शंभरात ६ वर आले. म्हणजे चौऱ्याण्णव माणसे काय म्हणतात ते कळलेच नाही!

दुसरा दोष वेळेचा. फोन भर पेरणीत येतो, माणूस तिफणीवर. 'हां, हां, बराबर आहे' म्हणून तो मोकळा होतो. दहा मिनिटांहून लांबलेली फोनची पाहणी ऐकणाऱ्याला जड जाते. आणि लांबलचक पर्याय वाचून दाखवले तर माणसाच्या ध्यानात शेवटचाच राहतो व तोच तो सांगतो. ऑनलाइन फॉर्ममध्ये याच्या उलट, वरचा पहिला पर्याय दाबून पुढे जाण्याची खोड दिसते. पाहणी करणाऱ्यांना ही दोन्ही माणसाच्या स्वभावाची वळणे चांगली ठाऊक आहेत.

प्रश्न तोच, उत्तर वेगळे

सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट पुढची. एकच प्रश्न फोनवर विचारला आणि तोच ऑनलाइन विचारला, तर उत्तरे सारखी येतात काय? प्यू संस्थेने २०१५ साली याचा प्रयोग प्रसिद्ध केला. साठ प्रश्न घेतले. काही लोकांना फोनवर विचारले, काहींना ऑनलाइन. दोन्हींतल्या उत्तरांत सरासरी साडेपाच टक्क्यांचा फरक निघाला. एका प्रश्नावर तर फरक १८ टक्क्यांचा होता. तो प्रश्न असा : 'तुमच्या कौटुंबिक जीवनाबद्दल तुम्ही कितपत समाधानी आहात?' फोनवर शंभरात ६२ जण म्हणाले, 'फार समाधानी'. ऑनलाइन तसे म्हणणारे ४४ च निघाले.

यात नवल नाही. समोरून माणसाचा आवाज आला की आपण अब्रू सांभाळून बोलतो. 'कसं काय चाललंय?' असे पाहुण्याने विचारले तर कर्जाचा डोंगर असला तरी 'बरं चाललंय' हेच तोंडातून येते. कागदापुढे किंवा पडद्यापुढे ती भीड नसते. म्हणून कर्ज, सावकारी देणे, घरातले आजारपण, दारू, मनावरचा ताण अशा नाजूक गोष्टी विचारायच्या तर माणूस एकटा आपल्या हाताने भरेल अशी पद्धत बरी. आणि बियाण्याची जात, खताचे पोते, पाण्याच्या पाळ्या अशा कामाच्या गोष्टी विचारायच्या तर समजावून घेणारा आवाज बरा.

जे शेतावर गेल्याशिवाय कळत नाही

काही गोष्टी मात्र फोनलाही कळत नाहीत आणि ऑनलाइनलाही नाहीत. पिकाचा उतारा ही त्यातली एक. यासाठी पीक कापणी प्रयोग करतात : ठरावीक मापाचा तुकडा चिठ्ठीच्या तत्त्वाने निवडायचा, कापायचा, मळायचा आणि तोलायचा. या शास्त्राला भारतात भक्कम पाया घालणाऱ्यांत एक मराठी माणूस होता याचा आपल्याला अभिमान वाटावा. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. कापणीसाठी घेतलेला तुकडा फार लहान असला तर कडेची ताटे आत धरली जातात आणि उतारा फुगून दिसतो, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवून दिले. मोजण्याची पद्धत बदलली की आकडा बदलतो, हा धडा त्यांनी आपल्याच शेतांतून दिला आहे.

हे आज अधिक महत्त्वाचे झाले आहे. २०२४ पर्यंतच्या हंगामांत गारपीट किंवा पुराने पीक गेले तर विमाधारकाने ७२ तासांच्या आत फोनने किंवा ॲपवरून पूर्वसूचना द्यायची असे. फोन लागला नाही, ॲप उघडले नाही, की दिवस सरत. २०२५ च्या खरिपापासून राज्याने भरपाई पीक कापणी प्रयोगांतून येणाऱ्या उत्पादनावर बेतली. तेव्हा आपल्या गावात पीक कापणी प्रयोग असला तर तिथे हजर राहावे, तोलताना पाहावे, आणि रीतसर होतो की नाही याची खात्री करावी. फोनवर शंभर उत्तरे देण्याइतकेच त्याचे मोल आहे.

आपत्तीच्या वेळीही तेच. १७ आणि १८ ऑगस्ट २०२५ ला शेजारच्या मुखेड तालुक्यात अतोनात पाऊस होऊन हसनाळ, रावणगाव ही गावे पाण्याने वेढली गेली आणि माणसे दगावली. अशा वेळी वीज नसते, मोबाईल बंद पडतात. ज्याचे सर्वांत जास्त गेले तोच फॉर्म भरू शकत नाही आणि तोच फोनवर सापडत नाही. तिथे माणसानेच पायी जाऊन पंचनामा करावा लागतो, याला पर्याय नाही.

गावाने पाहणी करायची झाल्यास

ग्रामपंचायत, शेतकरी गट, बचत गट यांनाही अधूनमधून पाहणी करावी लागते. गोदाम हवे का, हरभऱ्याचे बियाणे किती लागेल, दूध संकलन परवडेल का. अशा वेळी व्हॉट्सॲप गटावर प्रश्न टाकून आलेल्या उत्तरांची बेरीज करू नये. पुढील क्रम ठेवावा.

समजा, गावात ४०० उंबरे आहेत. घरपट्टीची यादी घ्यावी आणि पहिल्या आठांपैकी एक घर चिठ्ठीने काढून तिथून दर आठवे घर निवडावे. पन्नास घरे होतील. यादीत वस्ती, तांडा, मळ्यातली घरे सुटलेली नाहीत हे आधी पाहावे. त्या पन्नासांना प्रथम मोबाईलवर फॉर्म पाठवावा. चार दिवसांत ज्यांचे उत्तर नाही त्यांना संध्याकाळी सातनंतर फोन करावा. फोनवरही न सापडलेल्यांच्या घरी दोघांनी जावे, त्यांत एक बाई असावी. निवडलेले घर बंद आहे म्हणून शेजारचे घर घेऊ नये, पुन्हा जावे. प्रश्न दहाच्या आत ठेवावेत. शेवटी कोणाचे उत्तर कोणत्या मार्गाने आले ते लिहून ठेवावे. फॉर्मवाल्यांचे म्हणणे एक आणि घरी भेटलेल्यांचे दुसरे असे निघाले, तर गावाच्या दोन बाजू आपल्याला दिसल्या असे समजावे.

सरकारी पाहण्याही आता अशाच मिश्र वाटेने जात आहेत. जानेवारी २०२४ मध्ये राज्य मागासवर्ग आयोगाने केलेल्या सर्वेक्षणात प्रगणक मोबाईल ॲप घेऊन घरोघरी फिरले. ई-पीक पाहणीतही शेतकऱ्याची मुदत संपल्यावर राहिलेली शेते सहायकांनी पाहण्याची सोय झाली. २०२७ च्या जनगणनेत प्रथमच कुटुंबाने आपली माहिती स्वतः ऑनलाइन भरण्याची सोय ठेवली आहे, आणि दारी येणारा प्रगणकही कायम ठेवला आहे.

आपण काय करावे?

१. ई-पीक पाहणी मुदतीच्या पहिल्या पंधरवड्यातच करावी. शेवटच्या दिवसांत साऱ्यांचीच गर्दी होते.

२. फोटो शेतात उभे राहूनच काढावा. सोयाबीनमध्ये तुरीचे तास असेल तर मिश्र पीक म्हणून दोन्हींची नोंद करावी. रेंज नसेल तर माहिती साठवून रेंजच्या जागी येऊन पाठवावी आणि ती पोहोचल्याची खात्री करावी.

३. पोराने फॉर्म भरला तरी घरातल्या बाईमाणसाला आणि म्हाताऱ्यांना शेजारी बसवून, विचारून भरावा.

४. बटईने शेती असेल तर मालक आणि बटईदार यांनी नोंद करण्यापूर्वी एकमेकांशी बोलावे.

५. फोनवर विचारणाऱ्याला आधी नाव, कार्यालय आणि कशासाठी पाहणी हे विचारावे. शंका वाटल्यास 'कार्यालयात चौकशी करून सांगतो' म्हणावे. खऱ्या पाहणीत ओटीपी, एटीएमचा पिन लागत नाही. कोणी फसवलेच तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

६. कामात असाल तर घाईने 'हां' म्हणू नये. 'संध्याकाळी करा' असे सांगावे. आठवत नसेल तर 'आठवत नाही' हेही खरे उत्तर आहे.

७. मदत वाढेल या आशेने नुकसान फुगवू नये, आणि अब्रूपायी लपवूही नये. फुगवलेला एक आकडा पुढे दहा खऱ्या शेतकऱ्यांवर संशय आणतो.

तेव्हा फोन बरा की ऑनलाइन, याचे उत्तर शेतीतल्याच रीतीने द्यावे लागते. कोळपे वेगळे, तिफण वेगळी, आणि दोन्ही घरात लागतात. झटपट, फोटोसह नोंद हवी तिथे ऑनलाइन. समजावून, बोलून माहिती हवी तिथे फोन. आणि या दोन्हींतून जो सुटला त्याच्यासाठी त्याच्या दारापर्यंत चालत जाणारी माणसे. आपल्या गल्लीत, वस्तीवर, तांड्यावर असे कोण सुटलेले आहे, हे कार्यालयात बसलेल्यापेक्षा आपल्याला अधिक ठाऊक असते. यंदाच्या हंगामात आपली नोंद झाली की शेजारच्या एकट्या राहणाऱ्या आजीबाईंच्या शेताचीही झाली का, एवढे विचारून घ्यावे.